गच्चीवरची वीस मिनिटं

एका ५३ वर्षांच्या वाचकांचं सात पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून त्याचा सारांश असा: सतराव्या वर्षी ते एका छापखान्यात रात्रपाळीला उमेदवार मुद्रितशोधक (प्रूफरीडर) म्हणून लागले. आत कागदांच्या थप्प्या, त्यामुळे काडी ओढायलाही बंदी. तिथले सर्वांत ज्येष्ठ मुद्रितशोधक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, मध्यरात्रीच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन पाईप ओढत. हेही हळूहळू त्यांच्या मागे जाऊ लागले. सहा महिन्यांनी अण्णांनी आपला एक जुना ब्रायरचा पाईप यांच्या हातात दिला आणि तो भरायला, पेटवायला शिकवलं. तेव्हापासून ३६ वर्षं, रोज रात्री जेवणानंतर गॅलरीत बसून एक पाईप ठरलेला. आता १९ वर्षांच्या मुलाने विचारलं आहे, "बाबा, तुम्ही पाईप ओढायला लागलात कसे? मला शिकवाल?" पत्नी म्हणते, सरळ सांगा, वाईट संगतीने लागला आणि आता पस्तावतोय. पण यांना पस्तावा नाही. गच्चीवरचे ते दिवस त्यांना आयुष्यातले सगळ्यांत चांगले वाटतात. मग मुलाशी खोटं बोलावं, की खरं सांगून त्याला त्याच वाटेला लावावं? शिवाय आणखी एक विचार डोक्यात आहे: मित्रांबरोबर सिगारेट ओढण्यापेक्षा तो घरात, आपल्यादेखत पाईप शिकला तर ते कमी वाईट नाही का?

नमस्कार.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा उत्तर सोपं वाटलं होतं. तिसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि समासात खुणा करत गेले. ही तुमच्याच पेशाची पद्धत, म्हणून राग मानू नका. त्या खुणा पुढे ठेवूनच बोलते.

सात पानांपैकी चार पानं गच्चीची आहेत आणि ती फार सुंदर उतरली आहेत. यंत्रांची घरघर खाली राहायची, वर नुसता वारा. अण्णा तीन चिमटींत पाईप भरायचे आणि दर वेळी तेच सांगायचे: पहिली चिमूट लहान मुलाच्या हाताने दाबायची, दुसरी बाईच्या, तिसरी पुरुषाच्या. पहिल्या काडीला तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबायची आणि दुसरी काडी लावायची, पाईप खरा तिथून सुरू होतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाची मुळाजवळची गाठ. वणव्यात वरचं झुडूप जळून गेलं तरी त्या गाठीतून पुन्हा कोंब फुटतात. अण्णा म्हणायचे, असल्या लाकडालाच रोजचा निखारा सोसतो. हे सगळं तुम्ही सतराव्या वर्षी, अंधारात, एका मोठ्या माणसाच्या शेजारी बसून ऐकलंत. त्या वयात कुणी आपल्याला बरोबरीचं मानून काही शिकवलं तर ते हाडीमाशी मुरतं.

माझे थोरले काका पाईप ओढायचे. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्या एका जाड शब्दकोशाची पानं उघडली की अजून तो गोडसर वास येतो, आणि खरं सांगायचं तर कधी कधी शब्द बघायचा नसतानाही मी तो उघडते. त्यामुळे 'वाईट संगत' हे शब्द तुमच्या तोंडी घालायचं माझ्या मनात नाही. ते अण्णांवर अन्याय करणारे होतील, आणि तुमच्या मुलाला ते खोटे आहेत हे कळायला एक रात्र पुरेल. पस्तावलेला माणूस रोज रात्री इतक्या निगुतीने पाईप भरत नाही.

आता माझ्या खुणा.

पहिली खूण तिसऱ्या पानावर. तिथे तुम्ही लिहिलंय, "सुरुवातीचे काही आठवडे जरा त्रास झाला." बस, एवढंच. तीन चिमटींना दीड पान आणि त्रासाला एक वाक्य. हा त्रास कसला होता ते तुम्ही सांगितलं नाहीत, पण नव्याने पाईप ओढणाऱ्याचं बहुधा काय होतं ते सांगते. पाईप विझेल या धास्तीने तो भराभर झुरके घेतो. धूर आणि वाफ दोन्ही तापतात आणि जीभ पोळते. दुसऱ्या दिवशी घास तोंडात फिरवता येत नाही. मग तोंडाला पाणी सुटतं, अंगाला गार घाम फुटतो, चेहरा पांढरा पडतो, पोटात ढवळतं. कित्येकांना उलटी होते. हे निकोटिनचं विष अंगात चढल्याचं लक्षण आहे. शरीर पहिल्याच दिवशी स्वच्छ 'नको' म्हणतं. ते 'नको' ऐकूनही तुम्ही पुन्हा गच्चीवर गेलात, कारण वर अण्णा होते. तुमच्या गोष्टीतली ही सगळ्यांत महत्त्वाची जागा आहे असं मला वाटतं. तंबाखू तुम्हाला आवडली नव्हती. तुम्हाला त्या माणसाशेजारची ती जागा हवी होती, आणि पाईप हे तिथे बसण्याचं कारण होतं. आवडायला लागली ती नंतर, शरीराला सवय झाल्यावर.

दुसरी खूण पाचव्या पानावर आहे आणि तिथे मी बराच वेळ थांबले. "पुढे अण्णांचा आवाज बसला. मग ते यायचेच थांबले. असो." आणि लगेच पुढचा परिच्छेद मुलाच्या कॉलेजवर.

मी डॉक्टर नाही, अण्णांना काय झालं होतं ते मला माहीत नाही, आणि इतक्या वर्षांनंतर एका वाक्यावरून निदान करणं बरोबरही नाही. पण ज्या माणसाने तुम्हाला एवढं दिलं, त्याचं जाणं तुम्ही 'असो' म्हणून मिटवलंत. आपण मराठी माणसं हा शब्द फार वापरतो. जिथे खूप बोलायचं असतं आणि धीर होत नाही, नेमका तिथे. मुद्रितशोधकाला सांगायला नको की मूळ प्रत आणि मुद्रित शेजारी ठेवून वाचलं की सुटलेला मजकूर सापडतो, आणि तिथे काकपद, म्हणजे ^ अशी खूण, करून तो समासात लिहावा लागतो. तुमच्या गोष्टीत दोन काकपदं हवीत: एक पहिल्या आठवड्यांपाशी, एक त्या 'असो'पाशी.

तुम्ही विचारलंय, खरं सांगू की खोटं. माझ्या मते प्रश्न तसा नाहीच. तुम्ही ज्याला खरं म्हणताय त्यातल्या ओळी गळल्या आहेत. गच्चीची चार पानंच मुलापुढे ठेवलीत तर त्याला पाईप हवासा वाटेल यात शंका नाही. मलाही वाटला असता. तीच पूर्ण सांगा, जे जसं घडलं तसं, तितक्याच बारकाईने. उलटीचंही दीड पान होऊ द्या. अण्णांचा आवाज कसा होता, तो कसा बदलत गेला, शेवटी तुम्ही भेटायला गेलात का, नसाल गेलात तर का नाही, हेही येऊ द्या. मुलाला घाबरवण्यासाठी हे सांगायचं नाही. त्याने विचारलंय 'कसे लागलात', तर त्याला त्याचं पूर्ण उत्तर मिळावं एवढ्यासाठीच सांगायचं.

आता सिगारेटपेक्षा पाईप बरा का, या प्रश्नाकडे येते. हा समज तुमच्या एकट्याचा नाही, आणि तो अगदी हवेतून आलेलाही नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, १९६४ च्या अहवालाने सिगारेटचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी कार्यकारण संबंध जोडला, तेव्हा त्याच अहवालात पाईप ओढणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण न ओढणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त दिसत नाही, असंही म्हटलं होतं. पाईपवाल्यांनी हे वाक्य जपून ठेवलं. पाईपमुळे ओठाचा कर्करोग होतो असंही तिथेच लिहिलं होतं, त्याची आठवण मात्र कमी राहिली. पुढे अमेरिकन कॅन्सर सोसायटीने १९८२ पासून लाखाहून अधिक पुरुषांच्या नोंदी ठेवल्या. त्यात फक्त पाईप ओढणारे आणि तंबाखूला कधीच न शिवलेले यांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. पाईप ओढणाऱ्यांत फुप्फुस, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त निघाले, हृदयविकार आणि पक्षाघाताचेही जास्त. सिगारेटपेक्षा हा धोका साधारणपणे कमी होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण ही तुलना तुमच्या मुलाच्या कामाची नाही. तुमच्या पत्रात तो सिगारेट ओढतो असं कुठेच लिहिलेलं नाही. तो आज काहीच ओढत नसेल, तर त्याच्यापुढे पाईप की सिगारेट असा प्रश्नच नाही. पाईप की काहीच नाही, एवढाच आहे.

"मी धूर छातीत घेत नाही," असं तुम्ही दोनदा लिहिलंय. पाईपच्या तंबाखूचा धूर साधारणपणे सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतूनच रक्तात शिरतं. छातीत ओढायची गरजच पडत नाही. म्हणूनच छातीत धूर न घेता तुम्हाला ३६ वर्षं रोज रात्री पाईपची ओढ लागते. आणि मुलाला एकदा निकोटिनची ओढ लागली की ती पाईपचीच वाट बघत बसेल याचा काय भरवसा? पाईप भरून, पेटवून, संथपणे ओढून संपवायला वीस मिनिटं तरी हवीत. एकोणीस वर्षांच्या मुलाला दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटं मिळतात. त्या दहा मिनिटांत सिगारेट बसते. घरात पाईप आणि बाहेर सिगारेट अशी दोन्ही व्यसनं त्याच्या पदरात पडायची.

वयाचंही आहे. रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी दहातल्या जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षाच्या आत ओढलेली असते, असं सर्जन जनरलचाच २०१२ चा अहवाल सांगतो. साधारण पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते आणि त्या काळात निकोटिनची सवय जास्त घट्ट बसते. तुम्ही सतराव्या वर्षी त्या काळातून गेलात. तुमचा मुलगा त्याच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि अजून मोकळा आहे. 'माझ्यादेखत' या शब्दाने तुम्हाला दिलासा वाटतो, तो मी समजू शकते. पण शिकवणारा वडील हा पहारेकरी राहत नाही. तुमच्या हातून मिळालेली गोष्ट त्याला चुकीची वाटणंच अवघड होऊन बसेल. अण्णांच्या हातून मिळालेली तुम्हाला वाटली का?

तिसरी खूण मी सहाव्या पानावर केली आहे, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. तुम्ही सहज लिहून गेलात की गेले काही महिने तो रात्री गॅलरीत येऊन कठड्याला टेकून उभा राहतो, काही बोलत नाही, तुमचा पाईप संपला की आत जातो. त्याच्या आधी एक वाक्य आहे: दिवसभर तुमची चिडचिड असते, फक्त त्या वेळी डोकं शांत असतं. ही दोन वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचा. घरातला शांत बाप त्याला कुठे भेटतो ते मुलाने हेरलं आहे. तुम्ही जसे अण्णांच्या मागे जिना चढलात, तसाच तो गॅलरीत येतोय. "मला शिकवाल?" या प्रश्नात त्याला पाईप किती हवाय आणि तुमच्या शेजारची जागा किती, हे मला इथून सांगता येणार नाही. तुम्हालाही अंदाजाने ठरवता येणार नाही. त्याला विचारावं लागेल.

कधी आणि कसं विचारायचं, तर गॅलरीत नको आणि पाईप हातात असताना मुळीच नको. चालत चालत बोलता येतं, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, बाप-लेकांना ते सोपं जातं. आधी विचारा, पाईप बघून तुला नेमकं काय आवडतं? आणि मग, तू काही ओढून बघितलंयस का? उत्तर 'हो' आलं तर तिथे आवाज चढवू नका. एकदा चढवलात की पुढची उत्तरं तुम्हाला आवडतील तशीच मिळतील, खरी नाही. त्यानंतर तुमची गोष्ट, दोन्ही काकपदांसकट. आणि शेवटी स्वच्छ शब्दांत, "मी तुला हे शिकवणार नाही." तो सज्ञान आहे, उद्या त्याने ठरवलं तर तुम्ही अडवू शकणार नाही, हेही मान्य करा. पण ते तुमच्या हातून होणार नाही, एवढं ठाम राहा. "तुम्ही का ओढता मग?" असं तो विचारणारच. त्यावर "सवय आहे आणि ती मला सोडवलेली नाही," हे उत्तर पस्ताव्याच्या नाटकापेक्षा खूप चांगलं. ज्या घरांत आई किंवा वडील सिगारेट ओढतात आणि मुलं मोठी होत आहेत, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. मुलांना आपला दोष दिसतोच, तो नाकारला की फक्त बोलणं बंद होतं.

तुमच्या स्वतःच्या सवयीबद्दल तुम्ही मला विचारलेलं नाही, तरी थोडं बोलणार आहे. पुढच्या पंधरवड्यात दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्या. जीभ, जिभेखालची जागा, गालाची आतली बाजू, ओठ, टाळू, सगळं. पाईपच्या उष्णतेने टाळू पांढरट होऊन त्यावर लाल ठिपके उठतात. पाईप थांबवला की ते बहुधा निवळतं. पण खरवडून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, गिळताना अडकल्यासारखं होणं, मानेला गाठ, आणि तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज यांतलं काहीही असेल तर थांबू नका. त्यातली शेवटची गोष्ट तुम्ही एकदा गच्चीवर ऐकली आहे.

सोडायचं मनात आलं तर रोज एकच पाईप ओढता, हे तुमच्या पथ्यावर पडेल. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जड जातात: चिडचिड, झोप न लागणं, लक्ष न लागणं. दोन ते चार आठवड्यांत ते बरंच ओसरतं. ओढीची एकेक लाट काही मिनिटांचीच असते. निकोटिनची च्युइंगगमही पाईपसारखीच तोंडाच्या त्वचेतून काम करते, त्यामुळे तुम्हाला ती उपयोगी पडू शकेल. पण मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि ती थोडी चावून गालाशी धरून ठेवायची असते, सतत चघळायची नाही. मला जास्त काळजी त्या वेळेची वाटते. जेवणानंतरची ती वीस मिनिटं रिकामी ठेवलीत तर पाईप परत येईल. पाईप सोडा, गॅलरी सोडू नका. तिथेच बसा, त्याच वेळी.

आणि त्या वेळी करायचं काय, तेही तुमच्या पत्रात सापडलं. मुलगा कॉलेजच्या वार्षिक अंकाचं काम बघतो आणि त्यातल्या चुकांवरून बोलणी खातो, असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. अण्णांनी गच्चीवर तुम्हाला पाईप दिला, पण खाली टेबलाशी मुद्रित वाचायला शिकवलं ते? ओळीखाली पट्टी धरून वाचायची रीत, समासातल्या खुणा, नावं आणि आकडे दुसऱ्यांदा वेगळे तपासणं? मुलाने 'शिकवाल?' विचारलंय. अंकाची मुद्रितं घेऊन ये म्हणा, रात्री गॅलरीत दिवा लावून बसा.

तो जुना ब्रायर फेकून द्या असं मी म्हणणार नाही. अण्णांची तेवढी एक वस्तू तुमच्याकडे आहे. आतली काजळी काढून, दांडीतून काडी फिरवून, पूर्ण कोरडा करून कपाटात ठेवा. मुलाला तो कधी दाखवाल तेव्हा त्याच्याबरोबर अण्णांचं खरं नावही सांगा. सात पानांत ते एकदाही आलेलं नाही.

पत्नीला हे उत्तर वाचायला द्या. त्या खोटं सांगा म्हणाल्या ते मुलाच्या काळजीने, आणि त्यांची काळजी रास्तच आहे. त्या ३६ वर्षांतली किती वर्षं त्या तुमच्या खोकल्याकडे कान लावून झोपल्या असतील, हेही एकदा त्यांना विचारा.

दंतवैद्याकडे जाताना मुलाला बरोबर घ्यायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी घेतलं असतं.